बिनरेघांचा पट्टकादंब

माझ्या संसारात सवत नव्हती, पक्षी होते. आमचे हे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. तलावांवर फिरायचं, पाण्याची पातळी बघायची, पाटाचं पाणी कुणी आपल्याकडे वळवून घेतलं तर त्याची भांडणं मिटवायची, असं ते काम. त्या फिरण्यात त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. रविवारी बाकीच्या बायका नवऱ्याला घेऊन बाजारात जायच्या. माझा नवरा गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटेच कुठल्यातरी तलावाच्या पाळीवर गेलेला असायचा. मी घरी मशीनवर ब्लाऊज शिवत बसायची. लग्नसराईत गिऱ्हाईक दारात ताटकळत असताना हे चिखलाच्या चपलांनी आत यायचे आणि आज कोणतं पाखरू दिसलं ते सांगायला लागायचे. दिसलं ना, मग आता पाय धुवा, एवढंच मी म्हणायची.

त्यांचा एक गर्व होता, आणि तो खरा होता. त्यांनी कधी पक्ष्याला चुकीचं नाव दिलं नाही. खात्री नसली तर गप्प राहायचे. सोबतचे लोक अंदाजानं काहीबाही नाव ठोकून द्यायचे, हे मात्र म्हणायचे, मले नाही समजलं. पाहुण्याचं नाव चुकलं तर चालेल, पाखराचं चुकता कामा नये, असा त्यांचा हिशोब होता.

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत डोळे बिघडले. डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध झिजत जातो, तो आजार. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येणार नाही. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, घरी यायचं, थेंब टाकायचे. या दुखण्याची तऱ्हा अशी की समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. माझा चेहरा बघायचा असेल तर त्यांना माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघावं लागतं. सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस माझी नजर चुकवतोय, काहीतरी लपवतोय. नंतर कळलं की तो मला बघायला धडपडतोय, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुर्बीण कपाटात गेली. सकाळी नागपुरातल्या आमच्या सक्करदऱ्याच्या तलावावर फिरायला जायचं तेवढं राहिलं, तेही माझ्या कोपराला धरून. मी सोबत असल्यावर मला कामाला लावणं आलंच. तलावावर काही हललं की मी सांगायचं आणि ते ओळखायचे. दात आहेत त्याला चणे नाहीत, चणे आहेत त्याला दात नाहीत, अशी आमची जोडी. मला दिसत होतं पण कळत नव्हतं, त्यांना कळत होतं पण दिसत नव्हतं. आणि त्यातही मास्तरकी सुटली नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम घालून दिला.

"दिसते थे सांगजो वं. वाटते थे नोको सांगू. वाटाचं काम माहं."

मी म्हटलं, बरं. जन्मभर ब्लाऊज शिवलेत मी. मापात वाटण्याला जागा नसते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

डिसेंबरातली गोष्ट. थंडी पडली होती, तलावावर धूर असल्यासारखं धुकं होतं. आम्ही काठावरच्या बाकाजवळ पोहोचलो आणि ते थांबले. जलपर्णीच्या पलीकडून नाकात बोलल्यासारखा आवाज आला, आंग, आंग. मला वाटलं, कुणीतरी सोडलेली पांढरी बदकं आहेत तिथे, त्यांचाच असेल. त्यांच्या हाताची बोटं माझ्या कोपरात रुतली.

हा बदकाचा आवाज नाही, असं ते म्हणाले आणि मला पाण्याच्या अगदी कडेला घेऊन गेले. म्हणजे मीच त्यांना नेलं, पण ओढत होते ते. धुकं जरा हटलं तेव्हा मला एक पाखरू दिसलं. मी सांगायला लागले. बदकांपेक्षा मोठं आहे, मान लांब. अंगाचा रंग राखाडी, पण विटलेल्या अस्तरासारखा, कुठे फिका कुठे गडद. पाय, त्यांनी विचारलं. पाय पाण्यात होते. मग आम्ही थांबून राहिलो. ते काठावर चढलं तेव्हा सांगितलं की पाय पिवळट आहेत, हळद लावलेला हात धुतल्यावर राहतो तसे. चोचही तशीच, टोकाशी काळी.

त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. पट्टकादंब, ते पुटपुटले. हा रानटी हंस आहे, हिमालयाच्या पलीकडून येतो, बर्फाच्या डोंगरांवरून उडत. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या रेघा आडव्या, एकीखाली एक. ती त्याची खूण. तेवढ्या रेघा बघून सांग, म्हणाले.

रेघा नव्हत्या. मी नीट बघितलं, पदरानं चष्मा पुसून बघितलं. डोकं वरून मळकट तपकिरी, टोपी घातल्यासारखं. गाल पांढरट. चोचीपासून डोळ्यापर्यंत एक धुरकट रेघ. मागे काही नाही. एक क्षण मनात आलं की म्हणावं, आहेत हो रेघा, दोन आहेत. त्यांचा तो चेहरा तसाच राहिला असता. पण नियम होता. नाहीत, म्हटलं मी.

मला वाटलं, आता म्हणतील मले नाही समजलं, आणि घरी जाऊ. त्यांनी विचारलं, टोपीसारखं म्हणालीस ते पुन्हा सांग. मी सांगितलं. आजूबाजूला असं दुसरं कुणी आहे का? मी सगळा तलाव बघितला. पांढरी बदकं, एक बगळा, आणि प्लास्टिकच्या पिशव्या.

"पिल्लू होय थे," ते म्हणाले. "औंदाचं. पिल्लाले रेघा नसतेत. अन् एकटं आहे."

एरवी ओळख पटल्यावर हा माणूस खूश व्हायचा. तसं काही झालं नाही. बाकावर बसून त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मलाही थंडी वाजल्यासारखं झालं. हा पक्षी जोडीनं राहतो, जन्मभराची जोडी. पिल्लं पहिला सगळा हिवाळा आईबापाला सोडत नाहीत. त्यांच्या मागे उडत येतात, त्यांच्या मागे उडत परत जातात. वाट अंड्यात मिळत नाही, मागे उडून शिकावी लागते. येतानाची एकदाच बघितलेली वाट, तीही दुसऱ्याच्या शेपटीमागून. आईबाप सुटले तर हे पोर जाणार कुठे. आणि सक्करदऱ्याच्या तलावात उन्हाळा म्हणजे काय, ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको.

घरी आल्याबरोबर त्यांनी फोन सुरू केले. नंबर मी लावून द्यायची. पक्ष्यांचे जुने सोबती काही गावाला गेलेले, काही खरोखरच गेलेले. जखमी जनावरं सांभाळतात तिथे फोन लागला. तिथला माणूस मोठा नम्र होता. पाखरू जखमी आहे का, त्यानं विचारलं. नाही. उडतं का? हो, चांगलं उडतं. मग काकाजी, ते मोकळंच आहे, त्याला आम्ही कशातून सोडवायचं, तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. यांनी फोन खाली ठेवला आणि मोकळंच आहे, मोकळंच आहे, असं दोनदा म्हटलं.

तलावावर सकाळी फिरणारी सगळी मंडळी त्याला बदकच म्हणायची. त्यांतले एक काका रोज टोस्टचा पुडा घेऊन यायचे. मोठा सुखी जीव. अर्धा टोस्ट स्वतः खायचा, अर्धा पाण्यात टाकायचा, आणि सगळ्या जगाचं कल्याण झाल्यासारखा चेहरा करून उभं राहायचं. आधी ती पांढरी बदकं खायची. महिनाभरात हे पिल्लूही त्यांत मिसळलं. यांचा जीव वरखाली व्हायचा. दररोज सांगायचे, हे बदक नाही जी, रानातला हंस आहे, गवतावर, कोवळ्या पिकावर जगणारा. याला टोस्टची सवय लावू नका, जड होईल, माणसाची भीती जाईल, इथेच बसून राहील. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "काकाजी, नाव काई बी असू द्या, भूक तर थेच हाये ना." एकदा यांनी चिडून त्यांच्या हातातला पुडा ओढायला हात पुढे केला तो हवेतच फिरला, कारण पुडा समोर होता आणि समोरचं दिसत नव्हतं. मी त्यांना घरी घेऊन आले.

बाकीचे पट्टकादंब कुठे उतरतात ते यांना माहीत होतं. उमरेडच्या बाजूला एक तलाव आहे, नोकरीत असताना तो त्यांच्याकडेच होता. जाऊन बघू, म्हणाले. एसटीनं गेलो, फाट्यावरून पायी. हिवाळ्यात तिथलं पाणी उतरत जातं आणि गाळाची काळी जमीन उघडी पडते. ती एका पिकापुरती कसायला देतात, गाळपेर म्हणतात तिला. तिच्यात हरभरा पेरलेला होता, पाण्याच्या रेषेपर्यंत. आणि पलीकडे पाण्यात मला ते दिसले. मोठा थवा होता. सगळ्यांच्या डोक्यांवर त्या दोन रेघा, पिको केल्यासारख्या नेमक्या. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या. एक जण मान सरळ करून पहाऱ्याला उभा, बाकीचे पंखांत चोच खुपसून झोपलेले. दिवसा पाण्यात झोपायचं आणि अंधार पडला की शेतात चरायला जायचं, असा त्यांचा रिवाज. मी सगळं सांगत गेले आणि ते मान कलती करून ऐकत राहिले.

त्या शेताची बाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली होती. माझ्याच वयाची. जवळ पिशवीत दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब. हे तिला म्हणाले, पाखरं लांबून येतात माय. तिनं शांतपणे ऐकलं.

"असंन देवाचं पाखरू," ती म्हणाली. "हरभरा माहा आहे."

मग तिनं सांगितलं की एका रात्रीत शेंडे कुरतडून जमीन उघडी करतात, डबे वाजवून घाबरत नाहीत, आवाज मोठाच लागतो. दिवस मावळायला लागला तसा थवा उठला आणि ओळीनं आमच्या डोक्यावरून शेताकडे वळला. तिनं वात पेटवली. मोठा आवाज झाला, आणि ती ओळ तुटली. तुकडे तुकडे होऊन पाखरं चारी दिशांना गेली, आणि सगळीकडून आंग, आंग, एकमेकांना हाका. यांचा हात माझ्या हातात होता. असंच सुटलं असंन थे, एवढंच म्हणाले. तिचा राग करावा असं आम्हा दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही. निघताना तिनं आम्हाला हरभऱ्याचे डहाळे उपटून दिले, एसटीत खायला. आम्ही ते खाल्ले.

घरी आल्यावर मी म्हटलं, त्या पिल्लाला टोपलीखाली धरून तिकडे नेऊन सोडलं तर. ते हसले. उडणाऱ्या पाखराला धरणार कोण, मी की तू? आणि धरताना भीतीनं मेलं तर? आणि त्या थव्यात त्याचे आईबाप आहेत हे कशावरून? मग एकच वाट उरली होती, ती त्यांनी मला सांगितली. होळीच्या सुमाराला थवे परत निघतात, उत्तरेकडे. त्या तलावावरून उठलेला थवा शहरावरून जाऊ शकतो. पूर्वी त्यांनी घराच्या गच्चीवरून जाताना ऐकला होता. पिल्लानं ती हाक ऐकली तर आवाजावर उठेल, त्यांच्या मागे लागेल. आपले नसले तरी आपल्या जातीचे आहेत. आपल्या हातात काही नाही, फक्त तोवर ते जगलं पाहिजे.

मग आमचा सगळा हिवाळा त्या एका पाखरामागे गेला. मशीनवर कापड तसंच पडून राहायचं. संक्रांतीला तर मी त्यांना आवरूच शकले नाही. नागपुरात त्या दिवशी आकाशात जागा नसते, आणि तो नायलॉनचा मांजा झाडाझाडाला लटकतो. घराघरांच्या गच्चीवरून ओ काट, ओ काट चाललेलं, आणि हा डोळ्यांनी अधू माणूस तलावाच्या बाकावर टोपी घालून दुपारभर बसला. काय करणार होते बसून? मी तेच विचारलं. म्हणाले, काहीच नाही. मीही मग शेजारी बसले आणि तिळगुळाचा डबा उघडला. एक कापलेली पतंग पाण्यावर येऊन पडली, पिल्लू दचकून जलपर्णीत गेलं. संध्याकाळी ते बाहेर आलं तेव्हा मी सांगितलं, दोन्ही पंख नीट आहेत. त्यांनी तेव्हा कुठे तिळगूळ खाल्ला.

फेब्रुवारीत एका सकाळी मला त्याच्या डोक्यामागे काहीतरी वेगळं दिसलं. टोपीचा रंग विटला होता, पांढरं वर येत होतं, आणि त्यात दोन पुसट रेघा. कापडावर कात्री चालवण्याआधी खडूनं खूण करतो ना, तशा. मी सांगितलं तर त्यांनी मला तीनदा विचारलं, वाटते का दिसते? दिसते, म्हटलं. ते काठावर उभं राहून हसत राहिले, तलावाच्या एका बाजूला तोंड करून, म्हणजे दुसरी बाजू दिसावी म्हणून. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण मनात आलं, रेघा आपोआप आल्या, कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत. वाट तशी नाही येत.

मार्चच्या सुरुवातीला डॉक्टरांकडे तारीख होती. आतापर्यंत डावा डोळा जरा बरा होता. डॉक्टर बराच वेळ त्यातच बघत राहिले आणि मग माझ्याकडे बघून बोलायला लागले, तेव्हाच मी समजले. यांनी एकही प्रश्न विचारला नाही. परत येताना ऑटोत बसलो. सक्करदरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा बोलले.

"पिल्लू गेलेलं मले समजलं पायजे वं. मंग डोळ्याचं जे व्हाचं थे होवो."

मी त्यांचा हात धरला आणि सिग्नल सुटायची वाट बघत बसले. त्या दिवसापासून सकाळी तर जायचोच, पण दिवस मावळतानाही तलावावर जायला लागलो, कारण थवे तेव्हाच उठतात.

तो दिवस उजाडला तेव्हा वेगळा काही नव्हता. ऊन चांगलं तापलं होतं. संध्याकाळी बाकावर बसलो, टोस्टवाले काका फेऱ्या मारत होते, पोरं क्रिकेट खेळत होती. यांनी मान वर केली. मला अजून काही ऐकू आलं नव्हतं. मग आलं. दक्षिणेकडून, फार उंचावरून, आंग, आंग, आंग. मी बघितलं तर आभाळात ओळ होती, एका टोकाला दुमडलेली, हळूहळू उत्तरेकडे सरकणारी. पाण्यातून पिल्लानं उत्तर दिलं. पहिल्यांदा हळू, मग असं मोठ्यानं की पोरांनी खेळ थांबवून बघितलं. ते पाण्यावर धावलं, पंखांचा फडफडाट झाला आणि ते उठलं. उठलं, मी ओरडले. यांनी बाकाची कड घट्ट धरली होती.

नेमकी तेव्हाच रस्त्यावरून वरात आली. लग्नसराईचे दिवस. गाडीवर एवढे मोठे भोंगे, बाकाची फळी हादरत होती. आभाळातलं काही ऐकू येईना. ते आता पूर्ण माझ्या डोळ्यांवर अवलंबून होते. पिल्लू झाडांच्या वर गेलं, आणखी वर गेलं, ओळीच्या खाली, पण फार खाली. थवा थांबत नसतो. त्यानं एक मोठा फेरा घेतला, तलावाभोवती. दुसरा घेतला, पहिल्यापेक्षा खाली. ओळ घरांच्या मागे गेली. मग ते पंख न हलवता उतरलं, जलपर्णीच्या पलीकडे, पांढऱ्या बदकांमध्ये. टोस्टवाले काका त्याच्याकडे चालू लागले.

ते विचारत होते. भोंग्यांमुळे ऐकू येत नव्हतं, पण ओठ दिसत होते. गेलं का. गेलं का वं. चेहरा माझ्याकडे नव्हता, शेजारच्या झाडाकडे होता, म्हणजे ते मला बघायचा प्रयत्न करत होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"गेलं," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना उठवलं आणि वरातीच्या आवाजातच रस्ता ओलांडून घरी आणलं. आवाज बंद व्हायच्या आत घरी पोहोचायचं होतं मला, एवढी अक्कल होती. त्या संध्याकाळी त्यांनी कोथिंबिरीची सांभारवडी करायला सांगितली. कितीतरी दिवसांनी काही खावंसं वाटलं त्यांना. जेवताना त्याचा सगळा प्रवास सांगत होते. आता सिवनीचे डोंगर ओलांडले असतीन. मग नर्मदा, मग गंगा, कुठे कुठे उतरून चरतील, मग डोंगर, जिथे हवा विरळ असते आणि तरी हे उडत राहतात. म्हणाले, वाट पाहून घेईन थे आता, पुढच्या वर्षी स्वतःच येईन. मी वडी वाढत होते. खोटं बोलल्याचं टोचत होतं आणि तरी त्यांचा चेहरा बघून बरं वाटत होतं. दोन्ही एकदम होतं.

सकाळी मी म्हटलं, माझा गुडघा दुखतोय, आज राहू द्या. ते म्हणाले, मी एकटा जातो, सरळ तर रस्ता आहे. एकटे कसे सोडणार. निघाले मीही. वाटभर मनात एकच धावा, आज ओरडू नको रे बाबा. तलावाकडे न जाता बागेच्या बाजूनं फिरू असंही म्हणून बघितलं. नाही, म्हणाले, बाकावर बसू.

बाकापर्यंत पोहोचलो नव्हतो. जलपर्णीच्या मागून आवाज आला, आंग. जरा थांबून पुन्हा, आंग.

ते उभे राहिले. माझ्या कोपरावरची बोटं घट्ट झाली, डिसेंबरातल्यासारखीच. मी जमिनीकडे बघत होते. हा माणूस डोळे मिटून या पाखराचा आवाज ओळखतो, धुक्यात ओळखला होता, गच्चीवरून ओळखायचा. सगळं त्याला कळलं होतं, पाखरू गेलं नाही हे आणि मी नियम मोडला हेही. आता काय म्हणतील, याची मी वाट बघत होते. ओरडले असते तर चाललं असतं. त्यांनी चेहरा फिरवला, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे, मी दिसावी म्हणून. बराच वेळ तसेच बघत होते. मग बोटं सैल झाली.

"बदक होय," ते म्हणाले.

ते पायानं चाचपत बाकाजवळ गेले, बसले, माझ्यासाठी जागा केली. टोस्टवाले काका समोरून येत होते.

"घरी टोस्ट असंन तर उद्या आणजो वं," ते म्हणाले. "त्या बदकाले."